सूर्याला न विचारता जेवणारा शिंपला

दोस्तांनो, या वेळी मी चक्क एक भांडण सोडवायला बसलोय. भांडण आहे एका मार्काचं.

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या चाचणी परीक्षेत 'चूक की बरोबर ते लिहा' असा प्रश्न होता. विधान होतं, 'पृथ्वीवरील सर्व सजीवांचे अन्न सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार होते.' हिनं लिहिलं, चूक. बाईंनी लाल पेनानं फुली मारली आणि मार्क कापला. ती लिहिते, "काका, समुद्राच्या तळाशी सूर्यप्रकाश पोचतच नाही, तरी तिथं प्राणी राहतात. मग माझं उत्तर चूक कसं? बाबा म्हणतात बाई बरोबर आहेत. आई म्हणते मी बरोबर आहे. आता तुम्हीच सांगा."

म्हणजे घरात एक एक मत पडलेलं आणि निकाल माझ्या गळ्यात! बरं, देतो निकाल. पण त्याआधी एका साक्षीदाराला बोलवावं लागेल. तो राहतो प्रशांत महासागराच्या तळाशी, अडीच किलोमीटर खोल, आणि तो आहे एक शिंपला.

पण थांबा. त्या मैत्रिणीच्या युक्तिवादात एक गोम आहे, ती आधी बघू. खोल समुद्रात उजेड पोचत नाही, हे खरंच. दोनशे मीटरच्या खाली वनस्पती वाढण्याइतका प्रकाश नसतो आणि हजार मीटरच्या खाली तर मिट्ट काळोख. पण म्हणून तिथले प्राणी सूर्यावर अवलंबून नाहीत, असं होत नाही बरं का! समुद्राच्या पृष्ठभागावर सूर्यप्रकाशात बारीक बारीक वनस्पती वाढतात. त्यांना खाणारे जीव असतात. हे सगळे मरतात, त्यांची विष्ठा पडते, आणि हा सगळा चुरा हळूहळू खाली झिरपत राहतो. तळाशी राहणारे बहुतेक प्राणी या वरून पडणाऱ्या उष्ट्यावर जगतात. म्हणजे जेवण काळोखात झालं तरी स्वयंपाक उजेडातच झालेला असतो. बाबा हेच म्हणत असणार.

हे उष्टं तरी किती पोचतं? अगदी थोडं. वाटेत इतके जण त्यावर ताव मारतात, की तळाशी चिमूटभरच उरतं. म्हणूनच शास्त्रज्ञ खोल समुद्राच्या तळाला वाळवंट म्हणायचे. इथं एक किडा, तिकडे एक समुद्रकाकडी, बाकी नुसता चिखल.

१९७७ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकन शास्त्रज्ञांची एक तुकडी गालापागोस बेटांजवळच्या समुद्रात गेली. ही मंडळी प्राण्यांच्या मागे नव्हती. ती होती दगडांच्या मागे. तिथं समुद्रतळाला एक लांबच लांब चीर आहे. पृथ्वीच्या कवचाचे दोन तुकडे तिथं एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालून तप्त शिलारस वर येतो. असल्या ठिकाणी गरम पाण्याचे झरे असणार, असा त्यांचा अंदाज होता. बोटीवर भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते, पण जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. वाळवंटात माळी कशाला न्यायचा?

आधी त्यांनी दोरखंडाला बांधलेला एक कॅमेरा तळाच्या जवळून ओढत नेला. त्यानं हजारो फोटो काढले. त्यात काळा दगड, काळा दगड आणि पुन्हा काळा दगड. मध्येच एका जागी पाण्याचं तापमान जरा वर चढलं आणि लगेच उतरलं. नेमक्या त्या जागचे फोटो काढून पाहिले, तर फक्त १३ फोटोंत पांढरे आणि तपकिरी शिंपलेच शिंपले! त्याच्या आधी काही नाही, नंतरही काही नाही.

मग 'अल्विन' नावाच्या छोट्या पाणबुडीत बसून तिघं जण खाली गेले. तिथं दगडांच्या फटींतून कोमट पाणी वर येत होतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, तसं थरथरत. आणि त्या पाण्याभोवती शिंपल्यांचे ढीग, खेकडे, लाल तुऱ्यांचे पांढरे नळकिडे, अगदी गजबज! मासळी बाजारच म्हणा ना. वर आणलेल्या पाण्याच्या बाटल्या उघडल्या, तर सडक्या अंड्यांचा वास सुटला. हा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. आणि गंमत ऐका, प्राण्यांचे नमुने टिकवायला लागणारी रसायनं बोटीवर जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे काही नमुने चक्क वोडका नावाच्या रशियन दारूत बुडवून ठेवावे लागले.

आता खरा प्रश्न. वाळवंटात एवढी गर्दी जेवत काय होती?

उत्तराचा अर्धा भाग खरं तर नव्वद वर्षांपूर्वीच सापडलेला होता. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात दाखवलं होतं, की काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात. हे नीट समजून घेऊ. अन्न तयार करणं म्हणजे भाकरी करण्यासारखं आहे. पीठ पाहिजे आणि चूल पाहिजे. झाडं पीठ म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि चूल असते सूर्यप्रकाशाची. हे जिवाणूही पीठ म्हणून कार्बन डायऑक्साइडच घेतात, पण त्यांची चूल वेगळी. ते हायड्रोजन सल्फाइडचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात आणि त्यातून जी ऊर्जा सुटते, तिच्यावर भाकरी भाजतात. पीठ तेच, चूल दुसरी!

आणि या चुलीचं सरपण येतं पृथ्वीच्या पोटातून. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांमधून आत शिरतं, तापलेल्या खडकांपर्यंत पोचतं, तिथं त्यात गंधकाची संयुगं आणि धातू मिसळतात, आणि मग ते पाणी उसळी मारून वर येतं. काही ठिकाणी ते साडेतीनशे अंशांच्याही वर तापलेलं असतं. तरी उकळत नाही, कारण वरच्या पाण्याचा दाब आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या अडीचशेपट असतो. पण आपला शिंपला काही त्या कढत पाण्यात बसत नाही हं. तो बसतो जरा बाजूला, जिथं गरम पाणी भोवतालच्या बर्फगार पाण्यात मिसळून कोमट झालेलं असतं.

आता साक्षीदाराची ओळख करून देतो. त्याचं शास्त्रीय नाव बॅथिमोडिओलस. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी त्याची भावंडं खाल्लीसुद्धा असतील. खडकांना चिकटून वाढणारे लांबट, हिरवट शिंपले, ज्यांना गोव्यात शिनाणे म्हणतात, ते याच कुळातले. आपले शिनाणे कल्ल्यांनी पाणी गाळतात. कल्ल्यांनीच श्वास घ्यायचा आणि त्यांनीच पाण्यातले खाण्याजोगे कण वेचून तोंडाकडे ढकलायचे. खोल समुद्रातला हा भाऊ दिसतो तसाच, पण आकारानं थोराड. एक वीतभर लांबीचा सहज होतो. मात्र त्याला उघडून बघितलं, तर दोन गोष्टी लगेच नजरेत भरतात. कल्ले भलतेच मोठे आणि जाडजूड, आणि पोटातली आतडी मात्र आखूड, साधी, जेमतेम कामाची. जेवायची सोय लहान आणि श्वासाची सोय मोठी! हे कसं काय?

हे कोडं आधी सुटलं ते शेजारच्या नळकिड्याच्या बाबतीत. त्याला तर तोंडच नाही आणि आतडंही नाही. १९८० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मेरेडिथ जोन्स हे शास्त्रज्ञ या किड्यावर व्याख्यान देत होते. बोलता बोलता ते म्हणाले, की किड्याच्या शरीरात गंधकाचे बारीक स्फटिक सापडलेत. ऐकणाऱ्यांत कॉलीन कॅव्हनॉ नावाची विद्यार्थिनी होती. ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, अहो, मग याच्या पोटात गंधकावर जगणारे जिवाणूच असणार! मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या सभेत मध्येच उठून असं बोलायला धीर लागतो. जोन्स यांनी तिला किड्याचा तुकडा तपासायला दिला. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, तिनं जिवाणू शोधल्याचं प्रसिद्ध झालं. मग शिंपल्यांचे कल्लेही सूक्ष्मदर्शकाखाली गेले, आणि तिथंही तेच. कल्ल्यांच्या पेशींच्या आत, अगदी आत, जिवाणू ठासून भरलेले.

म्हणजे शिंपला जेवत नाही, तो स्वयंपाकीच घरात ठेवून घेतो. बदल्यात जिवाणूला काय मिळतं? हा प्रश्न मला जास्त आवडतो. जिवाणूला सल्फाइडही पाहिजे आणि ऑक्सिजनही पाहिजे. पण सल्फाइड येतं खालच्या गरम पाण्यातून, ऑक्सिजन असतो भोवतालच्या गार पाण्यात, आणि दोघं एकत्र आले की आपसात संयोग पावून संपायला लागतात. ते दोन्ही एकाच वेळी मिळतील अशी जागा म्हणजे दोन पाण्यांच्या मधली सांध, आणि ती सारखी हलत असते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जिवाणू तिथं टिकून कसा राहणार? शिंपला मात्र चिवट धाग्यांनी खडकाला घट्ट बांधून घेतो, नेमका त्या सांधेवर बसतो आणि पंप चालवावा तसं पाणी कल्ल्यांवरून खेळवत राहतो. दोन्ही माल घरपोच!

अटलांटिक महासागरातल्या काही शिंपल्यांनी तर दोन-दोन स्वयंपाकी ठेवलेत. एक सल्फाइडवाला, दुसरा मिथेनवाला. मिथेन म्हणजे गोबर गॅसमध्ये असतो तोच वायू. दोघंही एकाच पेशीत शेजारी शेजारी राहतात. ज्या झऱ्याला सल्फाइड जास्त, तिथल्या शिंपल्यात पहिल्याची संख्या वाढते, आणि मिथेन जास्त असेल तिथं दुसऱ्याची. २०११ साली जर्मनीतल्या ब्रेमेन इथल्या संशोधकांना आढळलं, की सल्फाइडवाल्यांना हायड्रोजन वायूही चुलीत घालता येतो. आणि २०१९ साली कळलं, की एकाच शिंपल्यात सल्फाइडवाल्या जिवाणूचेच १६ पर्यंत निरनिराळे वाण असू शकतात. आपल्याकडे भाताचे आंबेमोहोर, कोलम, इंद्रायणी असतात ना, तसे. प्रत्येकाची करामत थोडी वेगळी. झऱ्याचं पाणी बदललं, तर त्यातला कुणी ना कुणी कामाला येतोच, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

किती गोड मैत्री, असं म्हणाल. जरा थांबा. जिवाणूंनी केलेलं अन्न शिंपल्याला दोन तऱ्हांनी मिळतं. काही जिवाणूंमधून पाझरतं. पण पुष्कळदा शिंपल्याची पेशी सरळ जिवाणूंनाच पचवून टाकते. गाय दुधासाठी पाळायची आणि कोंबडी खाण्यासाठी, तसे दोन्ही प्रकार एकाच गोठ्यात! पुस्तकांत याला 'सहजीवन' असा सोज्वळ शब्द आहे. तो वापरा, पण मनात गोठाही असू द्या.

आता साक्षीदाराची उलटतपासणी. या जिवाणूंवाचून शिंपल्याचं चालतं का? पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरच्या संशोधकांनी साडेआठशे मीटर खोलीवरचे शिंपले वर आणले आणि सल्फाइड नसलेल्या साध्या समुद्राच्या पाण्यात ठेवले. महिनाभरात कल्ल्यांमधले जिवाणू नाहीसे झाले. २००५ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. शिंपले लगेच मेले नाहीत, कारण ती आखूड आतडी अजून थोडीफार चालतात. पाणी गाळून पोटात ढकललेल्या कणांवर काही दिवस निघतात. पण ते दिवस काढणं झालं, भरभराट नव्हे. पुन्हा सल्फाइड दिल्यावर जिवाणू पुन्हा वस्तीला आले.

प्रयोगशाळेत नळ पुन्हा सोडता येतो. समुद्राच्या तळाशी कोण सोडणार? गालापागोसजवळ १९७९ साली एक झरा सापडला होता. लाल तुऱ्यांच्या नळकिड्यांमुळे त्याचं नाव पडलं 'रोझ गार्डन', गुलाबांची बाग. पहिल्या शोधाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २००२ साली शास्त्रज्ञ पुन्हा तिथं गेले. बघतात तर बाग गायब! तिथं ताज्या लाव्हाची काळी चादर पसरलेली. शिंपले, किडे, खेकडे सगळे खाली गाडले गेलेले. पळून जाणार कुठं? शिंपला तर धाग्यांनी बांधलेला. मात्र जवळच एक नवा कोवळा झरा सापडला, आणि त्याच्याभोवती इवले इवले शिंपले नुकते येऊन बसलेले. शास्त्रज्ञांनी त्या जागेचं नाव ठेवलं 'रोझबड', गुलाबाची कळी.

ही पिल्लं आली कुठून? शिंपल्याची अंडी पाण्यात फलित होतात आणि त्यातून निघालेली डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत इतकी बारीक पिल्लं प्रवाहाबरोबर निघून जातात. याच कुळातल्या, मेक्सिकोच्या आखातातल्या एका शिंपल्याची पिल्लं वर्षाहून अधिक काळ तरंगत राहू शकतात. काही तर पार वरच्या उजेडाच्या पाण्यापर्यंत जातात. आणि निघताना आई त्यांच्याबरोबर एकही जिवाणू देत नाही! अगदी रिकाम्या हातानं प्रवास. झरा सापडला आणि खडकावर टेकलं, की भोवतालच्या पाण्यातले जिवाणू अंगात शिरकाव करतात, मग कल्ल्यांत ठाण मांडतात, आणि आतडी आक्रसायला लागतात. झरा सापडला नाही, तर संपलं.

आता एक बातमी, आपल्या शेजारची. हिंदी महासागराच्या तळाशीही असे झरे आहेत आणि तिथंही हे शिंपले आहेत. त्या झऱ्यांच्या तोंडाशी तांबं, जस्त, थोडं सोनंही साचतं. ते शोधण्यासाठी २०१६ साली भारतानं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. दहा हजार चौरस किलोमीटरच्या टापूत शोध घ्यायचा, खोदायचं अजून नाही. २०२४ सालच्या डिसेंबरात गोव्यातल्या वास्को इथल्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं मिळवली. फार मोठी कामगिरी! पण याच महासागरातल्या झऱ्यांवर लोखंडी खवल्यांच्या पायाची एक गोगलगाय राहते. तीही अंगात जिवाणू पाळते. उद्या तिथं खाणकाम झालं तर तिचं काय, या काळजीनं २०१९ साली तिचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेलं. तिचे झरे मोजून थोडेच आहेत. लाव्हानं एक बाग गाडली, तर जवळ दुसरी कळी उमलू शकते, कारण पिल्लं पाठवणारे झरे आजूबाजूला शिल्लक असतात. यंत्रांनी एका मागोमाग एक झरे खरवडले, तर पिल्लं पाठवणार कोण? शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न सुटलेला नाही.

हां, तर मार्काचं राहिलंच! बाई आणि बाबा म्हणू शकतात, की हा साक्षीदार फितूर आहे. कारण त्याच्या जिवाणूंच्या चुलीला ऑक्सिजन लागतो, आणि समुद्रातला हा ऑक्सिजन हिरव्या वनस्पतींनी सूर्यप्रकाशातच तयार केलेला. शिवाय शिंपल्याचं बालपणही वरून येणाऱ्या बारीक वनस्पती खाण्यातच जातं. उद्या सूर्य विझला, तर आज ना उद्या शिंपलाही उपाशी मरेल. मुद्दा बिनतोड आहे. पण त्याच झऱ्यांच्या आत, खडकांच्या भेगांत, काही सूक्ष्मजीव असे आहेत, की ते नुसता हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यावर जगतात आणि मिथेन सोडतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही. वरचं उष्टंही लागत नाही. विधानात तर 'सर्व सजीवांचे' असं म्हटलंय.

तेव्हा निकाल असा : उत्तर बरोबर, पण पत्रात दिलेलं कारण चूक. चूक की बरोबरच्या प्रश्नात कारण विचारत नाहीत, म्हणून मार्क मिळायला हवा. हा अंक बाईंना दाखव आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळव. आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनो, पुढच्या वेळी घरात शिनाणे आले, की शिजवण्याआधी एक उघडून त्याचे कल्ले जरूर बघा.